माझा थायरॉईड, कुंदाची शिशी

हे वाचणाऱ्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये. आपले रिपोर्ट काढावे, चष्मा पुसावा आणि आकडे स्वतः वाचावे. मी काही डॉक्टर नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कलेक्टर कचेरीत नकल शाखेचा बाबू आहे. डोक्यातल्या एका गाठीमुळं माझा थायरॉईड भडकला होता, आणि ती गाठ सापडायला दहा महिने गेले. त्या दहा महिन्यांत मी ज्याच्या-त्याच्यावर संशय घेतला. गाठीवर मात्र कोणाचाच संशय नव्हता, माझाही नाही.

आमचं काम काय, ते आधी सांगतो, कारण पुढं लागणार आहे. लोकांना जुन्या जमिनीच्या कागदांच्या नकला लागतात. नकल तयार झाली की तिचं मिलान होतं. एकानं अस्सल कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं. जुळलं तर बोटवाला ‘बरोबर’ म्हणतो. नाही जुळलं तर ‘फरक’ म्हणून तिथंच थांबवतो. माझा जोडीदार मेश्राम. एकोणीस वर्षं तो वाचतो आणि मी बोट फिरवतो. या कामानं माणूस संशयी होतो, का संशयी माणूसच या कामात टिकतो, देव जाणे. माझी बायको कुंदा म्हणते, ‘तुम्ही पैलेपासूनच तसे आहा.’

माझा गळा संशयानं वाचवला आणि घर संशयानंच मोडायला आणलं. दोन्ही लिहितो. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांना उपयोग झाला तर होवो.

सही

होळीनंतर माझी सही बिघडली. तहसीलदार साहेबांनी एक नकल परत पाठवली आणि मला बोलावून विचारलं, “बाबूजी, ये दस्तख़त आप ही के हैं?” बत्तीस वर्षांच्या नोकरीत असं कोणी विचारलं नव्हतं. मला इतका राग आला की तिथंच कोऱ्या कागदावर चार सह्या करून दाखवल्या. चारही वेगवेगळ्या आल्या. साहेबांनी कागद बाजूला सरकवला आणि चहा घ्या म्हणाले.

हात थरथरत होते. बसल्या जागी छातीत धडधड व्हायची. जेवण दुप्पट झालं तरी दिवाळीपर्यंत अकरा किलो वजन गेलं, कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं दोन भोकं पाडली. घाम तर विचारूच नका. ऑफिसात मी पंखा लावायचो, आणि पाठ वळली की कोणीतरी बंद करायचं. मला वाटायचं मुद्दाम करतात. कोण करतो ते पकडायला मी एकदा दाराआड उभाही राहिलो. शिपायानं बंद केला आणि स्वतःशीच म्हणाला, “बाबूजी को क्या हो गया है.” तेव्हा वाटलं, यालाही कोणीतरी पढवलं आहे.

बालाघाटच्या डॉक्टरांनी गळ्याला हात लावला, पाणी गिळायला सांगितलं आणि म्हणाले, थायरॉईड जास्त झाला आहे. रक्त तपासलं. तीन आकडे आले, टी-थ्री, टी-फोर आणि टीएसएच. पहिले दोन वाढलेले. तिसऱ्याकडं बघून डॉक्टर म्हणाले, “ये लैब की गलती होगी, छोड़ो.” छोड़ो! आमच्याकडं एक मात्रा सुटली तर नकल रद्द होते. पण तेव्हा छातीत असं वाजत होतं की मी गोळ्या घेऊन गुपचूप घरी आलो.

गोळ्यांनी धडधड थोडी कमी झाली. गळा मात्र फुगत गेला, इतका की शर्टाचं वरचं बटण लागेना.

गोंदियाचा प्रश्न

दिवाळीनंतर गोंदियाला दाखवलं. तिथले डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, “तुम्ही थायरॉईडची गोळी तर नाही ना घेत? म्हणजे वाढवायची?”

“नाही.”

“घरात कोणी घेतं?”

मी शेजारी बघितलं. कुंदा पदर सावरून बसली होती. ती अकरा वर्षांपासून ती गोळी घेते. तिचा थायरॉईड कमी आहे, माझ्या बरोबर उलट. “मी घेतो ना,” ती म्हणाली.

“अदलाबदल होत नसेल ना, तेवढं बघा,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं होतं. पुढच्या पेशंटसाठी बेलही दाबली.

पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आमच्या घरी पद्धत अशी की सकाळी कुंदा ओट्यावर दोन वाट्या मांडते. एकीत तिची थायरॉईडची गोळी, दुसरीत माझी बीपीची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बारीक. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. राजेगावला बस थांबली तेव्हा तिनं संत्री घेतली, सोलून एक फोड माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. ‘पित्त होते’ म्हटलं.

आता वाटतं, आपण किती नीच होऊ शकतो. पण तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा सगळं जुळत होतं. वर्षभरापूर्वी आमच्या प्राचीनं इंदूरला नोकरी धरली, मी विरोध केला होता, आणि कुंदानं मुलीची बाजू घेऊन दोन महिने माझ्याशी अबोला धरला होता. मी मनातल्या मनात कारण म्हणून ते नोंदवूनही टाकलं. शोधायला बसलं की कारण सापडतंच.

दुसऱ्या दिवसापासून मी कुंदाच्या शिशीतल्या गोळ्या मोजायला लागलो. शंभराची शिशी असते. ती अंघोळीला गेली की झाकण उघडायचं, ताटलीत ओतायच्या, मोजायच्या, परत भरायच्या. रोज एक कमी व्हायची, कधी दोन नाही. त्यानं माझं समाधान व्हावं की नाही? झालं नाही. वाटलं, हिच्याजवळ दुसरी शिशी असेल.

एका सकाळी ती कणीक मळत होती आणि मी विचारूनच टाकलं.

“कुंदा, खरं सांग. माह्या वाटीत तुही गोळी टाकतं का तू?”

तिचा हात थांबला. “काहून टाकीन मी?”

“मले काय माहीत काहून. रिपोर्ट म्हणते.”

“रिपोर्ट म्हणते, का तुम्ही म्हणता?”

“मंग सबूत दे.”

“कशाचा सबूत देऊ? पोट फाडून दाखवू?” तिचा आवाज चढला नाही, हे मला आज आठवतं. कणकेच्या हातानंच ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “ठीक आहे.”

त्या ‘ठीक आहे’नंतर तिनं वाट्या मांडणं बंद केलं. माझी पाकिटं माझ्या टेबलावर ठेवून दिली. मी चहा स्वतः करून प्यायला लागलो, डबा ऑफिसजवळच्या भोजनालयातून घ्यायला लागलो. इंदूरहून प्राचीचा फोन आला. “पापा, आप मम्मी पर शक कर रहे हो? सच में?” मी फोन ठेवून दिला. मुलीला आईनंच सांगितलं असणार, म्हणजे दोघी मिळालेल्या आहेत, असं मला वाटलं. त्या दिवशी माझी नाडी एकशे वीस होती.

मेश्राम वाचतो

औषधानं गळा आटोक्यात येत नाही म्हणून नागपूरला पाठवलं. तिथं एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं, एक औषध प्यायला देऊ, त्यानं थायरॉईडची ग्रंथी जळून जाईल. मग जन्मभर कुंदाचीच गोळी घ्यायची. तारीख मिळाली, संक्रांतीनंतरची.

कुंदाचीच गोळी! माझ्या डोक्यात ठिणगी पडली. म्हटलं, ग्रंथी जाळण्याआधी हिचा गुन्हा कागदावर आणायचा. कुंदाच्या अकरा वर्षांच्या रिपोर्टांची फाईल कपाटात असते, तारखेप्रमाणं लावलेली, प्रत्येकाला टाचणी. माझ्यापेक्षा ती नीट ठेवते. ती देवपूजेला बसली आणि मी फाईल पिशवीत घालून ऑफिसात नेली.

जेवणाच्या सुट्टीत मेश्रामला म्हटलं, “एक खासगी मिलान करायचं आहे.”

त्यानं फाईलवरचं नाव वाचलं. “हे तं वहिनीचे कागद आहे. वहिनीले सांगतलं का?”

“तू वाच.”

मेश्राम मान हलवत वाचायला लागला. मी माझ्या रिपोर्टवर बोट ठेवलं. त्यानं कुंदाचं सात वर्षांपूर्वीचं एक पान काढलं. त्या वर्षी तिचा डोस जास्त झाला होता, तिलाही धडधड व्हायची. मला ते पान हवंच होतं. गोळी जास्त झाल्यावर जे होतं तेच मला झालं आहे, एवढं सिद्ध करायचं होतं.

“टी-थ्री, वाढलेला.”

“बरोबर.”

“टी-फोर, वाढलेला.”

“बरोबर,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. सापडली, असं वाटत होतं.

“टीएसएच, शून्य पॉइंट शून्य दोन.”

माझं बोट सहा पॉइंट आठवर होतं. तोंडातून सवयीनं निघालं, “फरक.”

मेश्राम थांबला. माझा कागद ओढून त्यानं दोन्ही शेजारी ठेवले. मग कुंदाचं दुसरं पान काढलं, तिसरं, पाचवं. वरचे आकडे चढले की खालचा उतरतो, वरचे उतरले की खालचा चढतो. अकरा वर्षांत एकदाही दोन्ही एकदम चढले नव्हते. माझ्या चारही रिपोर्टांत मात्र दोन्ही चढलेले, तीन वेगळ्या लॅबमध्ये.

“भाऊ, हे तं उलटं आहे,” मेश्राम म्हणाला. “वहिनीची गोळी तुमच्या पोटात गेली असती, तं तुमचा बी खालचा आकडा मेला असता. वहिनी सुटल्या.”

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, चीड आली. मेश्रामनं डबा झाकला आणि एवढंच म्हणाला, “आज घरी गेल्यावर सांगून द्या त्यायले.”

मी नाही सांगितलं. म्हटलं, आधी डॉक्टरांकडून पक्कं करू. फाईल मात्र होती तिथं ठेवली. आणि शिशी मोजणं चालूच ठेवलं. काहून, ते मला विचारू नका.

साहेब

तारखेला नागपूरला गेलो, पण औषध प्यायला नाही. दोन्ही रिपोर्ट शेजारी धरून बसलो. दवाखान्यात दुसऱ्या एक डॉक्टर बाई होत्या, हार्मोनच्या. त्यांच्यापुढं पान ठेवलं आणि म्हटलं, “हे जुळत नाही. जुळेपर्यंत मी काही पिणार नाही.” शेजारच्या बाकावरचे लोक माझ्याकडं बघायला लागले.

बाईंनी पान बघितलं. त्यांनी कागदावर दोन गोल काढले, एक वर, एक खाली. म्हणाल्या, “काका, तुम्ही ऑफिसात आहात ना? गळ्यातली ग्रंथी म्हणजे बाबू. डोक्यात, नाकाच्या मागं, मटराएवढी दुसरी ग्रंथी आहे, ती साहेब. बाबूनं काम जास्त केलं की साहेब हुकूम बंद करतो. तुमच्याकडं बाबू मरमर काम करून राहिला आहे आणि साहेब तरी हुकूम काढूनच राहिला. म्हणजे गडबड साहेबात आहे. आपण बाबूलाच जाळायला निघालो होतो.”

आजाराबद्दल मला पहिल्यांदा काही समजलं ते हे. बाबू निर्दोष आणि साहेब दोषी, यावर विश्वास ठेवायला मला जड गेलं नाही.

पुन्हा रक्त घेतलं, डोक्याचा एमआरआय काढला. गाठ होती. बोराएवढी. बाई म्हणाल्या, साधी आहे, कॅन्सरची नाही, पण हुकूम तीच सोडून राहिली आहे, काढावी लागेल. कुंदा माझ्या बाजूला होती. तिनं फक्त विचारलं, “जीवाले धोका?” बाई म्हणाल्या, कमी. ‘नाही’ म्हणाल्या नाहीत.

मी एमआरआयचा फोटो काढणाऱ्याकडं परत गेलो. फिल्मवर माझं आडनाव चुकीचं छापलं होतं. म्हटलं, हे डोकं माझंच आहे कशावरून? तो वैतागला, मग हसला. फिल्म उजेडापुढं धरून म्हणाला, “काका, ही काळी सावली दिसते? ती तुमच्या दाढेवरच्या टोपीची आहे. उघडा तोंड.” मी उघडलं. टोपी होती. तरी आडनाव दुरुस्त करून घेतलंच.

मग डोळे तपासले. एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्याकडं बघायचं आणि बाजूला कुठंही उजेड चमकला की बटण दाबायचं. मी बराच वेळ दाबलंच नाही. म्हटलं, बाई, तुमचं यंत्र बंद आहे. ती म्हणाली, “बत्त्या लागून राहिल्या होत्या काका. तुम्हाला दिसल्या नाहीत.” गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबत होती. समोरचं अक्षर अन् अक्षर दिसायचं, दोन्ही बाजूंचं गेलं होतं. कधी गेलं, मला पत्ताच नव्हता. बाहेर येऊन मी कुंदाला शोधत होतो, आणि ती माझ्या डाव्या हाताला उभी होती.

नाकातून

दोन महिने इंजेक्शनं चालली, थायरॉईड आधी शांत करायला. हात थांबले. झोप लागायला लागली. चैत्रात ऑपरेशन झालं, नाकातून. कवटी उघडत नाहीत, हे ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी लिहितो. मलाही वाटली होती. स्ट्रेचरवर असताना मी तीनदा माझं नाव सांगितलं आणि तीनदा विचारलं, कोणतं ऑपरेशन आहे ते वाचून दाखवा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी न चिडता वाचून दाखवलं. त्यांचे उपकार आहेत.

नंतरचे दोन दिवस नाकात बोळे, श्वास तोंडानं. घसा इतका कोरडा पडतो की जीभ टाळूला चिकटते. वॉर्डातल्या मावशी ओल्या कापसानं ओठ पुसून जायच्या, कोणी सांगितलं नसताना. शिंकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. नाकातून पातळ पाणी आलं आणि खारट लागलं तर लगेच सांगायचं. मी दर तासाला जीभ वर करून चव घेत होतो. आणि लघवी मोजायची, प्रत्येक वेळची, खुणांच्या भांड्यात. ते काम कुंदाकडं होतं. ती मोजायची, तक्त्यावर लिहायची.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, “भांडं उजेडात धर. मले दिसू दे.” तिनं धरलं. आकडा बरोबर होता. प्रत्येक वेळी बरोबर होता. मी प्रत्येक वेळी बघितला.

तिसऱ्या दिवशी बोळे काढले. चौथ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. साहेबाचा हुकूम उतरला होता. डॉक्टर बाई स्वतः येऊन म्हणाल्या, “काका, जुळलं.” मी कागद हातात घेऊन बघितला आणि मला रडू आलं. रडताना नाक शिंकरायची मनाई, म्हणून डोळे नुसते वाहू दिले.

करंडा

त्याच सकाळी सिस्टर माझं बीपी घ्यायला आली आणि कुंदाकडं बघत राहिली. नागपुरात एप्रिलचं ऊन, आणि कुंदा स्वेटर घालून, वर शाल घेऊन बसली होती. चेहरा सुजलेला. मी तिच्याकडं नीट बघितलं ते तेव्हाच. किती दिवसांनी, मोजता येणार नाही.

“काकू, तुम्हाला थायरॉईड आहे का?” सिस्टरनं विचारलं.

“आहे,” मी म्हटलं. “अकरा वर्षांपासून. रोज गोळी घेते.”

“नाही घेत,” कुंदा म्हणाली. तिचा आवाज जाड झाला होता, दारामागून आल्यासारखा.

“घेतं ना. रोज एक कमी होते.”

“कमी होते. मी खात नाही.”

तिनं पिशवीत हात घातला. फार हळू घातला, तिचं सगळंच हळू झालं होतं. पितळी करंडा काढला, तिच्या माहेरचा, वारासिवनीहून आणलेला, कुंकवाचा. झाकण उघडून माझ्या चादरीवर ठेवला. आत बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या, कुंकवानं थोड्या लाल झालेल्या.

“एकशे त्रेचाळीस आहे,” ती म्हणाली. “मोजा.”

सिस्टर कधी गेली कळलं नाही.

“गोळी खाल्ली असती तं कोणाच्या पोटात गेली ते कोण सांगन?” कुंदा म्हणाली. “तुम्ही सबूत मांगतला. तोंडी तुमच्याकडं चालत नाही. म्हणून रोज काढली अन् ठेवली. तुम्हाले काही झालं असतं, लोकायनं मले विचारलं असतं, तं हे दाखवलं असतं. पाहा, एक बी कोणाच्या पोटात नाही गेली.”

“अवं पण, गाठ निघाली तवा तरी… डॉक्टरीन बाई तुह्यासमोर बोलली…”

“बाई बोलली. तुम्ही कुठं बोलले?” ती थांबली, दम खाल्ला. “तुम्ही तं त्या फोटोवर बी विश्वास नव्हता ठेवला. अन् शिशी मोजतच होते. मले माहीत होतं. अंघोळीहून आली की झाकण कधी सैल राहे, कधी टाईट.”

जानेवारीत मेश्राम मला म्हणाला होता, आज घरी गेल्यावर सांगून द्या. माझ्याजवळ तिच्या सुटकेचा कागद तीन महिने होता. मी तो दाबून ठेवला होता. नकल शाखेत असं केलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

सिस्टर डॉक्टर बाईंना घेऊन आली. कुंदाचं रक्त घेतलं. तिचा टीएसएच शंभराच्या वर निघाला, बाकीचे आकडे तळाला. बाईंनी मला कॉटवरच झापलं, कुंदाला नाही. म्हणाल्या, अजून थोडे महिने गेले असते तर ही झोपेतून उठली नसती, कळतं का तुम्हाला? मला कळत होतं. मी कुंदाचा हात धरला. थंड होता. तिनं सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

“चुकलं माहं,” मी म्हटलं. “लय चुकलं.”

“हौ,” ती म्हणाली.

आता

ऑपरेशनला आता वर्ष होत आलं. माझे आकडे जुळतात. दर काही महिन्यांनी नागपूरला जातो, रक्त देतो, डोकं तपासून घेतो. डाव्या बाजूचं बरंचसं दिसायला लागलं, उजवीकडचा एक कोपरा अजून आला नाही. सही परत माझी झाली. वजनही भरलं.

ज्यांना थायरॉईड जास्त सांगितला आहे त्यांनी घाबरू नये. बहुतेकांचा साधाच असतो, गळ्यातलाच. माझ्यासारखं क्वचित होतं. पण तिसरा आकडा बघावा, आणि तो उलटा दिसला तर ‘छोड़ो’ म्हणणाऱ्याला पुन्हा विचारावं. कागदावर संशय घ्या, खुशाल घ्या. घरातल्या माणसावर घ्यावासा वाटला तर आधी आपली नाडी मोजा. आजारही संशय घ्यायला लावतो, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. मी त्याआड लपू शकलो असतो. पण जानेवारीनंतर मी दाबून ठेवलं, इंजेक्शनांनी हात थांबले तरी दाबूनच ठेवलं. ते आजारानं केलं असं मला म्हणता येत नाही.

कुंदा बरी झाली. चेहऱ्याची सूज उतरली, आवाज मोकळा झाला, स्वेटर ट्रंकेत गेला. प्राची फोनवर माझ्याशीही बोलते. वाट्या मात्र पुन्हा मांडल्या गेल्या नाहीत. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशीच कुंदा म्हणाली, “आता माही गोळी तुम्हीच देत जा. तुमच्या हातानं.”

म्हणून रोज सकाळी मी तिच्या शिशीतून एक गोळी काढतो आणि तिच्या तळहातावर ठेवतो. ती खिडकीपाशी जाते. गोळी उजेडात धरते, उलटून बघते, तिच्यावरचं कोरलेलं अक्षर वाचते. मग माझ्याकडं बघते. तेवढा वेळ मी पाण्याचा पेला घेऊन उभा असतो. ऑफिसात मिलान झालं की बोटवाला ‘बरोबर’ म्हणतो आणि दुसरा सुटतो. कुंदा अजून एकदाही म्हणाली नाही. ती पेला घेते, गोळी गिळते, आणि शिशीचं झाकण स्वतःच्या हातानं घट्ट लावून ठेवते.